तार दप्तरी दाखल

कल्याणातल्या एका सरकारी कचेरीत मी सात वर्षं आभाळाचा कारकून होतो. कचेरी कोणती ते सांगत नाही. माझी पेन्शन अजून चालू आहे. आणि असा हुद्दा सरकारच्या कुठल्याही यादीत सापडणारही नाही. यादीप्रमाणे मी आवक-जावक कारकून. पण कचेरीच्या मागच्या अंगणात, तारेच्या कुंपणाआड, एक जस्ताचं नरसाळं जमिनीत रोवलेलं होतं आणि त्याखाली एक बाटली होती. रोज सकाळी आठ वाजता त्या बाटलीत डोकावण्याचं काम ज्या टेबलाकडे होतं, ते टेबल माझ्या वाट्याला आलं. कचेरीत काम माणसाकडे येत नाही, टेबलाकडे येतं. टेबलामागे जो सापडेल त्यानं ते करायचं.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. पाऊस मोजण्याइतकं सोपं काम तेव्हा सरकारात दुसरं नसावं. बाटली उचलायची, तिच्यातलं पाणी मापाच्या काचेत ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. तेव्हा पाऊस इंचांत आणि सेंटांत मोजत. शंभर सेंटांचा एक इंच. जोराचा झाला असेल तर मुंबईला तार, नाहीतर महिनाअखेरीस तक्ता. यात विचार करायची गरज कुठेच नाही. मला म्हणूनच हे काम आवडायचं.

विचार न करण्याचे फायदे किती, ते एका उदाहरणावरून सांगतो. एकदा नोव्हेंबरात, आभाळात औषधालाही ढग नसताना, बाटलीत अकरा सेंट पाणी निघालं. मी चकित झालो, पण लिहिलं. बाटलीत आहे ते लिहायचं, नाही ते लिहायचं नाही. महिन्याभरानं मुंबईहून विचारणा आली की आसपास कुठेही पाऊस नसताना तुमच्याकडे तो कसा पडला, खुलासा करावा. चौकशी केली तेव्हा आमचा म्हातारा शिपाई सखाराम पुढे आला. साहेबांनी आवारात झेंडू लावले होते आणि "आवारातल्या सगळ्याला पाणी घाल" असा हुकूम दिला होता. सखारामनं झारीनं नरसाळ्यालाही पाणी घातलं.

"रोज उन्हात उभं असतं बिचारं," तो म्हणाला.

साहेबांनी आणि मी डोकं लढवून खुलासा पाठवला, "अत्यंत स्थानिक स्वरूपाची सर." तो मान्य झाला. कल्याणच्या पावसाच्या इतिहासात सखारामचे ते अकरा सेंट अजून सुखानं नांदत असतील.

हे साहेब तरुण होते, उत्साही होते आणि नव्या राज्यानं भारावलेले होते. एक दिवस त्यांनी शाळेतून एक जुना फळा मागवला आणि कचेरीच्या फाटकाला टांगला.

"अहो बर्वे, आता आपलं राज्य आहे. लोकांना हवामान कळायला नको?"

"मुंबईचा अंदाज वर्तमानपत्रात येतो, साहेब."

"मुंबईचा नको. आपल्या तालुक्याचा पाहिजे. रोज सकाळी नऊ वाजता फळ्यावर लिहायचा. पाऊस तुम्हीच मोजता, तेव्हा ते तुमच्याकडेच राहील."

मला पडलेला पाऊस कळत होता, पडणारा नाही. हा फरक साहेबांना समजावून सांगण्याची माझी छाती नव्हती. म्हणून सुरुवातीला मी वर्तमानपत्रातलं वाक्य उतरवून काढत असे: "कोकणात काही ठिकाणी सरी पडण्याचा संभव. हवामान सर्वसाधारणपणे ढगाळ." हे वाक्य लिहिणाऱ्याला माझा मनोमन नमस्कार होता. कोकण म्हणजे डहाणूपासून पार सावंतवाडीपर्यंत. त्यात कुठेतरी, कधीतरी, कुणावर तरी सर येणारच. चुकायला जागाच नाही. पण फळ्यापुढे उभा राहणारा माणूस कोकणात राहत नव्हता. तो शहाडला किंवा ठाकुर्लीला राहत होता आणि त्याला त्याच्या अंगणाचं उत्तर पाहिजे होतं.

भर पावसाळ्यात या फळ्याकडे कुणी बघत नसे. पाऊस येणार की नाही हे तेव्हा डोक्यावरच कळतं. माझी खरी गिऱ्हाइकं दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतची. तेव्हा पाऊस परतीच्या वाटेवर असतो आणि निघालेल्या पाहुण्यासारखा दारातून तीन वेळा मागे येतो. नेमकी त्याच दिवसांत सगळ्यांची कामं उघड्यावर असतात. शहाडचा एक वीटभट्टीवाला कच्च्या विटा नदीकाठी वाळत घालायचा आणि रोज येऊन मला विचारायचा, "बर्वेसाहेब, घालू ना? तुमच्या शब्दावर घालतोय हां!" जणू विटा विरघळल्या तर मी भाजून देणार होतो. एक वकीलसाहेब यायचे. त्यांच्या गच्चीवर कोजागिरीला गाणं असे आणि चंद्र दिसणार का याची त्यांना लेखी हमी हवी असे. एक गुरुजी होते, ते फळ्यासमोर पंचांग उघडून उभे राहत आणि मोठ्यानं म्हणत, "नक्षत्राचं वाहन म्हैस आहे आणि हे लिहितात कोरडं! म्हैस कधी कोरडी असते का?" लोक हसत. त्यांच्या म्हशीपुढे माझा खडू लंगडा पडायचा.

पण सगळ्यांत जास्त येत ते भातवाले. भाताचं गणित बाहेरच्या माणसाला माहीत नसतं म्हणून सांगतो. हळवं भात, म्हणजे लवकर तयार होणारं, नवरात्र ते कोजागिरीच्या सुमारास पिकतं. उभं आहे तोवर थोडाफार पाऊस ते सोसतं. पण एकदा कापलं की दोन-तीन दिवस शेतातच आडवं पसरून वाळवावं लागतं, मग भारे बांधायचे. त्या दोन-तीन दिवसांत जोराचा पाऊस आला तर पडल्या जागी दाण्याला मोड येतात. आणि पावसाच्या भीतीनं कापणी लांबवली तर पिकलेला दाणा शेतातच झडून जातो. म्हणजे वर्षाचं जेवण त्या दोन-तीन दिवसांच्या आभाळावर टांगलेलं. ही माणसं माझ्यापुढे उभी राहिली की मला खडू हातात धरवत नसे.

अशा वेळी मला तुळसाबाई सापडली.

फाटकाबाहेर, फळ्याच्या बाजूलाच, भिंतीच्या सावलीत ती चिंबोऱ्यांची, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांची, टोपली घेऊन बसायची. कोपरची आगरीण, पन्नाशी उलटलेली. नवरा मिठागरावर कामाला होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगाही गेलेला. घरात विधवा सून आणि दोन नातवंडं. दीड एकर भात होतं. त्यावर घर आठ महिने जेवायचं आणि उरलेले चार महिने चिंबोऱ्यांवर काढायचं. सकाळी डोंबिवलीपर्यंत पायी, तिथून गाडीनं कल्याण, आणि बाराच्या सुमाराला परत. मी तिला "अगं" म्हणायचो, ती मला "भावसाहेब". ती माझ्या आईच्या वयाची होती हे आता लिहिताना लक्षात येतंय.

एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी आभाळ काळंकुट्ट झालेलं, वर्तमानपत्रात "सरी", आणि वीटभट्टीवाला माझ्या डोक्यावर बसलेला. फाटकात येऊन मी सहज विचारलं, "काय गं तुळसाबाई, येईल का पाऊस?"

तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. नाक किंचित उचललं आणि वारा हुंगला.

"नाय येवाचा. खाडीचा वास नाय आयला. ढग नुस्ता मिरवाय आयलाय."

मी फळ्यावर लिहिलं, "तालुक्यात पावसाचा संभव नाही." थेंब पडला नाही. भट्टीवाल्यानं मला पेढे आणून दिले. ते मी कचेरीत वाटले, फाटकाबाहेर नाही.

त्या दिवसापासून माझी कामाची पद्धत ठरली. आठला बाटली बघायची, साडेआठला फाटकात यायचं, "काय गं, आज?" म्हणून विचारायचं आणि तिचं बोलणं सरकारी भाषेत फिरवून नऊला फळ्यावर चढवायचं. ती म्हणायची, "दोन पारानंतर शितोडा." मी लिहायचो, "दुपारनंतर तुरळक सरी." ती म्हणायची, "आज पानी मस्ती करील." मी लिहायचो, "जोराच्या पावसाची शक्यता." आमच्या घरी चिंबोऱ्या चालत नव्हत्या, त्यामुळे तिच्याकडून मी कधी काही विकत घेतलं नाही. आभाळ मात्र रोज फुकट न्यायचो.

फळ्याचं नाव झालं. ठाण्याहून आलेले एक मोठे अधिकारीसुद्धा फळ्यापुढे थांबले. साहेब म्हणाले, "बर्वे, तुमचा अभ्यास दांडगा आहे हो." मी मान खाली घातली. तो माझा विनय आहे असं त्यांना वाटलं. खरं सांगून टाकावं असं एकदा ओठांपर्यंत आलं होतं, पण सरकारी अंदाज चिंबोऱ्यांच्या टोपलीतून निघतो हे कोणत्या रकान्यात बसवायचं?

एक गोष्ट मात्र मी बघत होतो. बाराला निघताना तुळसाबाई टोपली डोक्यावर घेऊन फळ्यापुढे उभी राहायची आणि सखारामकडून फळा वाचून घ्यायची. सखाराम दुसरी पास होता आणि मोठ्यानं, सनावळ्या म्हटल्यासारखं वाचायचा. मला गंमत वाटे. आपलंच बोलणं सरकारी कपड्यांत कसं दिसतं ते ऐकत असेल, असं मी समजून चाललो. दोन वर्षं असं चाललं.

तिसऱ्या वर्षी पाऊस रेंगाळला. वादळी पावसाचा इशारा असला की मुंबईहून कचेरीला तार यायची. त्या वर्षी दसऱ्याच्या आधीच लागोपाठ तीन तारा आल्या. तिन्ही वेळा मी फळ्यावर लिहिलं, तिन्ही वेळा लोकांनी कापणी थांबवली आणि तिन्ही वेळा पाऊस दुसरीकडे कुठेतरी गेला. तिसऱ्या वेळी टिटवाळ्याकडचा एक शेतकरी मूठभर झडलेले दाणे घेऊन आला आणि माझ्या टेबलावर ओतून गेला. गुरुजींनी पंचांग मिटून मला नमस्कार केला. साहेबांनी आत बोलावलं.

"बर्वे, फळ्याची अब्रू चालली. आपल्या अभ्यासावर विश्वास ठेवा. मुंबईला काय कळतंय कल्याणचं?"

त्यानंतर आठ दिवस आभाळ स्वच्छ होतं. रोज सकाळी तुळसाबाई म्हणायची, "नाय पानी," आणि मी लिहायचो, "कोरडे हवामान. उद्याही कोरडे." तालुक्यात कापणीची एकच धांदल उडाली. फळ्याची अब्रू परत आली.

मग कोजागिरी आली. त्या संध्याकाळी साहेबांनी कचेरीच्या अंगणात मसाला दुधाचा कार्यक्रम ठरवला होता. गावातली प्रतिष्ठित मंडळी, सतरंज्या, पेटी-तबला. आदल्या दिवशीच त्यांनी विचारलं होतं, "चंद्र दिसेल ना?" मी म्हटलं होतं, "दिसेल, साहेब."

कोजागिरीच्या सकाळी मी नेहमीसारखा फाटकात गेलो. तुळसाबाई चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधत होती.

"काय गं, आज?"

"नाय पानी," ती लगेच म्हणाली आणि परत नांगीला लागली. वारा हुंगला नाही. हे मला तेव्हा दिसलं असणार, कारण पुढे स्वच्छ आठवलं.

मी फळ्यावर कोरडं लिहिलं. अकराच्या सुमाराला तारवाला आला. छत्तीस तासांत उत्तर कोकणात जोराचा पाऊस, सोसाट्याचा वारा. साहेब ठाण्याला सभेला गेलेले, थेट संध्याकाळी परतणार. तार माझ्याच हातात. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. आभाळ धुतल्या ताटासारखं स्वच्छ. अंगणात सखाराम सतरंज्या झटकत होता.

मी बसून हिशेब केला. या मुंबईवाल्यांनी आधी तीनदा तोंडघशी पाडलं. तुळसाबाईनं दोन वर्षांत एकदाही नाही. आज नऊला कोरडं लिहून अकराला पाऊस लिहायचा, तेसुद्धा साहेबांच्या कोजागिरीला? गुरुजी म्हैस घेऊन दारातच उभे असतील. मी ओल्या फडक्याचा विचार केला, खडूचाही केला. आणि मग मला जे उत्तम येत होतं ते केलं. आवक नोंदवहीत तारेला क्रमांक दिला, वेळ घातली, विषयाच्या रकान्यात "हवामान" लिहिलं, कार्यवाहीच्या रकान्यात "दप्तरी दाखल" लिहिलं, सही केली आणि तार खणात ठेवली. कुठेही कसूर नाही. आजही कुणी ती वही उघडली तर माझ्यावर बोट ठेवता येणार नाही.

बाराला तुळसाबाई निघाली. खिडकीतून मला दिसत होतं. टोपली डोक्यावर घेऊन ती फळ्यापुढे उभी राहिली. सखारामनं वाचून दाखवलं. ती हलली नाही. तिनं काहीतरी विचारलं, आणि सखारामनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग ती थोडा वेळ पश्चिमेकडे बघत राहिली आणि स्टेशनच्या रस्त्याला लागली. तेव्हा मी उठून हाक मारली असती तर एकपर्यंत ती घरी पोचली असती आणि भात गोळा करायला पाच तास मिळाले असते. मी उठलो नाही. मला वाटलं, आपलंच वाक्य दोनदा ऐकून म्हातारी खूश झाली असेल.

पाऊस दिवेलागणीला आला. दुधाच्या पातेल्यावर झाकण ठेवायलाही सवड मिळाली नाही. वकीलसाहेब पेटी पोटाशी धरून पळाले. दोन दिवस तो थांबला नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी बाटली उचलली तेव्हा मापाची काच पुन्हा पुन्हा भरावी लागली. आकडा वहीत अचूक लिहिला.

मग पंचनाम्यांचे हुकूम निघाले. नुकसान झालेल्या शेताची पाहणी करायची, पंचांसमोर कागद करायचा, शेतकऱ्याला वाचून दाखवायचा आणि त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. डोंबिवलीकडची गावं माझ्याकडे आली. मी साहेबांना म्हटलं, मला दुसरीकडे पाठवा. ते म्हणाले, "हवामानातलं तुमच्याइतकं कुणाला कळतंय?"

कोपरला मी बांधावरून चालत गेलो. बरोबर गावचे पोलीस पाटील पंच म्हणून. दोन्ही बाजूंना कापलेलं भात पाण्यात आडवं पडलेलं होतं आणि त्यातून हिरवेगार मोड वर आले होते. लांबून बघणाऱ्याला ते सुंदर दिसलं असतं. वास मात्र कुजल्याचा होता.

तुळसाबाई गुडघाभर चिखलात उभी होती. सून भिजलेल्या पेंढ्या उचलून बांधावर टाकत होती. मला बघून तुळसाबाई वर आली आणि पदरानं हात पुसले.

"आयलास, भावसाहेब?"

एवढंच. मी बांधावर बसलो, गुडघ्यावर पाटी ठेवून कागद लिहिला. पाटील पलीकडे शेताची लांबी-रुंदी पावलांनी मोजत होते. पंचनाम्याचा मसुदा ठरलेला असतो. मी तो तिला वाचून दाखवू लागलो: "सदर शेतातील कापलेले भात अकस्मात व कोणतीही पूर्वसूचना नसताना झालेल्या अतिवृष्टीमुळे संपूर्ण नष्ट..."

"पूर्वसूचना म्हंजी काय?"

"म्हणजे पाऊस येणार हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. हे वाक्य लागतं. नाहीतर म्हणतील, माहीत असून कापलं, निष्काळजीपणा केला. मग मदत मिळत नाही."

"पन सांगितला व्हता," ती म्हणाली.

माझ्या हातातलं पेन थांबलं. मला वाटलं, सखारामनं तारेचं सांगितलं.

"कुणी?"

"खाडीनं. कोजागिरीच्या आदले दिसा सांजचे मी बांधावर व्हते. खाडीचा वास आयला. चिंबोऱ्या बिलातून निगून वर बांधावर चढल्या. वारा मागं फिरला. मना कलला, पानी येतंय. सून बोलली, आत्याबाय, उद्या नुको कापू. मी बोलले, मी बाजारात जाते, तू काप. फल्यावर कोरडा लिवलाय. सरकार खोटा कशाला लिवील?"

"अगं, पण मी सकाळी विचारलं तेव्हा तू 'नाय' म्हणालीस!"

"मंग काय बोलू? तूच लिवतस आनि तूच विचारतस. मना वाटला, भावसाहेब परीक्षा घेतंय. हे आठ दिस सखाराम आदले दिसा वाचतो ता मी दुसरे दिसा तुला सांगते. पयलं मी वारा बगायची. मंग बगितला, फल्यावर कोरडा असला का कदी चुकत नाय. मंग कशाला बगू?"

दोन वर्षं मी तिचं लिहीत होतो आणि हे आठ दिवस ती माझंच मला परत सांगत होती. कोरड्या दिवसामागून कोरडा दिवस येत होता तोवर आम्ही दोघंही हुशार ठरत होतो. आभाळाकडे कुणीच बघत नव्हतं. आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तिनं पुन्हा वारा हुंगला, तेव्हा तिला आपल्या नाकापेक्षा माझं अक्षर खरं वाटलं.

"तुळसाबाई," मी म्हणालो, "मुंबईहून तार आली होती. त्याच दिवशी, तू निघायच्या आधी. मोठा पाऊस येणार म्हणून. मी फळा पुसला नाही."

"का?"

"तू 'नाय' म्हणाली होतीस म्हणून," मी म्हणालो, आणि लगेच कळलं की हेही पुरतं खरं नाही. "आणि लोक हसतील म्हणून."

मी कागद फाडायला घेतला. "पूर्वसूचना नव्हती" हे वाक्य आम्हां दोघांच्या बाबतीत खोटं होतं. तिनं माझा हात धरला. आयुष्यात त्या एकाच वेळी तिनं मला स्पर्श केला असेल. हात बर्फासारखा गार होता.

"फाडू नुको. ऱ्हाऊ दे तसाच. पोरांना खावाला पायजे."

मी शाईची डबी पुढे केली. तिनं अंगठा उठवला. खाली मी सही केली. पुढे तो कागद मंजूर झाला आणि साहेबांनी त्यावर "मसुदा नमुनेदार" असा शेरा मारला. नव्या कारकुनांना बरीच वर्षं तो नक्कल करायला देत. फळा त्यानंतरही होता. त्यावर मी तार आली की तार उतरवायचो, एरवी "कोकणात काही ठिकाणी." एकदाही चुकलो नाही आणि पुढे कुणी थांबून वाचलाही नाही. तुळसाबाई येऊन तिथेच बसायची. मी कधी "काय गं, आज?" म्हटलं नाही आणि तीही आपण होऊन काही बोलली नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी बांधावर ती ओल्या पेंढ्याला अंगठ्याची शाई पुसत होती.

"मुंबईवाल्यांना कलला व्हता, पानी येतंय?"

"हो."

"आनि मना कलला व्हता."

"हो."

"मंग नाय कलला तो कोनाला?"

पाटील मोजत मोजत जवळ आले होते. मी आवाज खाली घेतला.

"मला," मी म्हणालो.

तिनं मान डोलावली, पदर खोचला आणि सुनेच्या मदतीला परत चिखलात उतरली. दोघी पाण्यातून पेंढ्या उपसू लागल्या. मला तिथे तसं बसवेना. मी चपला काढल्या, धोतर वर खोचलं आणि एक पाय खाली टाकला.

तुळसाबाईनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"ऱ्हाऊ दे, भावसाहेब," ती म्हणाली. "तू लिव."